पेस्कारा सर्किटवर फॉर्म्युला वनची शर्यत एकदाच का झाली?

तुमचा प्रश्न असा आहे, की इटलीतलं पेस्कारा हे फॉर्म्युला वनच्या इतिहासातलं सर्वांत लांब सर्किट, तरीही तिथे जागतिक अजिंक्यपदाची शर्यत एकदाच का झाली आणि आता तिथे काय उरलंय. माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे हा, म्हणून सविस्तर लिहितो.

सर्किट म्हटलं की कुंपण घातलेला, मुद्दाम बांधलेला ट्रॅक डोळ्यांसमोर येतो. पेस्कारात तसं काहीच नव्हतं. एड्रियाटिक समुद्राकाठच्या या शहरातले रोजच्या रहदारीचे रस्ते शर्यतीपुरते बंद करायचे, की झालं सर्किट! एक फेरी जवळपास २६ किलोमीटरची. आजची बहुतेक सर्किटं ५ किलोमीटरच्या आसपास असतात, त्यावरून अंदाज करा. किनाऱ्याजवळून सुटलेल्या गाड्या समुद्राकडे पाठ करून टेकड्यांत शिरायच्या. वळणावळणाचा चढ, मग स्पोल्तोरे, कापेल्ले ही गावं, रस्त्याला खेटून घरं. कापेल्लेहून सरळसोट उतार थेट मोंतेसिल्वानोपर्यंत. तिथे उजवीकडे वळलं की किनाऱ्यालगतचा तसाच लांबलचक रस्ता शहरापर्यंत. नकाशावर हा त्रिकोण आजही बोटाने गिरवता येतो.

शर्यत सुरू झाली १९२४ साली, ‘कोप्पा अचेर्बो’ या नावाने. जाकोमो अचेर्बो हा मुसोलिनीच्या गोटातला मंत्री. १९२३चा निवडणूक कायदा त्याच्याच नावाने ओळखला जातो. पहिल्या महायुद्धात मारला गेलेला त्याचा भाऊ तितो, त्याच्या स्मरणार्थ हा चषक. पहिलाच विजेता कोण, तर पुढे फेरारी गाड्यांचा जनक ठरलेला एन्झो फेरारी! तेव्हा तो अल्फा रोमिओ चालवायचा. असं सांगतात, की त्या दिवशी अल्फाचा मुख्य ड्रायव्हर कांपारी याची गाडी बिघडली, तेव्हा त्याने ती बाजूच्या गल्लीत नेऊन लपवली. तो बाद झालाय हे प्रतिस्पर्ध्यांना कळू नये म्हणून. रस्त्यावरच्या शर्यतीतच घडू शकतं असं काही.

पुढे मर्सिडीज आणि ऑटो युनियन या जर्मन कंपन्यांच्या राक्षसी गाड्या आल्या आणि वेग भलताच वाढला. तो कमी व्हावा म्हणून १९३४ मध्ये पिटच्या (गाड्यांच्या दुरुस्ती-इंधनाच्या थांब्याच्या) अलीकडे एक आडवळण घातलं. पण त्याच वर्षी गी मोल हा अवघ्या चोविशीतला, अल्जीरियात जन्मलेला गुणी ड्रायव्हर इथे सरळ रस्त्यावर दुसऱ्या गाडीला मागे टाकताना अपघातात मारला गेला. मला या सर्किटच्या इतिहासातली सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच वाटते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. १९५७च्या वेळापत्रकातून बेल्जियम आणि हॉलंडच्या शर्यती रद्द झाल्या आणि पेस्काराला संधी मिळाली. पण त्याच वर्षी मे महिन्यात मिल्ले मिल्या या इटलीतल्या रस्त्यांवरच्या शर्यतीत फेरारीची गाडी प्रेक्षकांत घुसली होती. दोन्ही स्वार आणि नऊ प्रेक्षक गेले, त्यांत पाच लहान मुलं. देशभर संताप उसळला आणि सरकार रस्त्यांवरच्या शर्यतींच्या विरोधात गेलं. खुद्द एन्झो फेरारीवर खटला भरला गेला, तो १९६१ पर्यंत मागे लागला होता. सरकारच्या भूमिकेचा निषेध म्हणून त्याने पेस्काराला आपला संघच पाठवला नाही. त्याचा ड्रायव्हर लुइजी मुस्सो याने गळ घातली म्हणून त्याला तेवढी एक गाडी मिळाली.

१८ ऑगस्टला १६ गाड्या सुटल्या. पहिल्या फेरीत मुस्सो पुढे होता, दुसऱ्या फेरीत ब्रिटिश ड्रायव्हर स्टर्लिंग मॉसने आपली व्हॅनवॉल गाडी पुढे काढली आणि मग तो कुणाच्या हाती लागलाच नाही. दहाव्या फेरीच्या सुमारास मुस्सोच्या गाडीने दम तोडला. तिचं तेल रस्त्यावर सांडलं, त्यावरून अर्जेंटिनाचा ड्रायव्हर फांजिओ याची मासेराती गाडी घसरली. तरी फांजिओ दुसरा आला, मॉसच्या तीन मिनिटांहून जास्त मागे. १८ फेऱ्यांना मॉसला तीन तासांना जेमतेम अर्धं मिनिट कमी लागलं.

पुन्हा शर्यत का नाही? मिल्ले मिल्यानंतरची हवा हे कारण आहेच, पण माझ्या मते तेवढंच नाही. २६ किलोमीटर रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, झाडं, खांब आणि दारात उभी असलेली माणसं. एवढ्या लांबीला कठडे कोण घालणार, पहारा कोण देणार? जे पेस्काराचं वैभव होतं, तेच सुरक्षित करणं अशक्य होतं. शेवटची मोठी शर्यत १९६१ मध्ये झाली, स्पोर्ट्स गाड्यांची, चार तासांची. बांदिनी आणि स्कार्लात्ती या जोडीने ती फेरारीतून जिंकली आणि सर्किट कायमचं मिटलं.

मात्र रस्ते कुठेच गेलेले नाहीत. कधी तिकडे जाणं झालं, तर भाड्याची गाडी घेऊन पेस्काराहून स्पोल्तोरे, कापेल्ले करत मोंतेसिल्वानोला उतरा आणि किनाऱ्याने परत या. घड्याळ लावून बघा. मॉस आणि फांजिओ यांनी ही फेरी पावणेदहा मिनिटांत मारली होती.