सही करण्याआधी पासपोर्ट घेऊन ये

तू आखातात नोकरीला निघालास, आणि एजंट म्हणतो, आत्ता व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे गेल्यावर नोकरीचा व्हिसा करून देऊ. बाळा, तिथेच थांब. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिकडे बेकायदा आहे. पकडलं तर दंड तुला, घरी पाठवणार तुला. एजंट इथे रत्नागिरीतच.

आता पासपोर्टचं शेवटचं पान बघ. तू नववीला शाळा सोडलीस, दहावी झाली नाही, म्हणजे त्यावर ‘ईसीआर’ (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी हवी) असा शिक्का असणार. अमिराती, सौदी, कतार, कुवेत धरून 18 देशांत नोकरीला जाताना अशा पासपोर्टला एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे आपल्या सरकारची परवानगी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवरून मिळते आणि एजंटला परवाना आहे की नाही तेही तिथेच दिसतं. एजंटची फी सरकारने जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी इतकीच ठरवलीय. हा दीड लाख मागतोय! त्यासाठी कलमांची बाग गहाण ठेवू नकोस, हात जोडतो.

नोकरीच्या करारनाम्याचं मात्र मी स्वतः भोगलंय. इथे सही केली त्या इंग्रजी कागदावर पगार एक, उतरल्यावर पुढे केलेल्या अरबी कागदावर दुसराच. जेट्टीवर मासळीच्या टोपल्या मोजून घेणारा मी, तिथे न वाचता अंगठा देऊन बसलो. भांडण कोर्टात गेलं तर बहुतेक अरबी मजकूरच धरतात. म्हणून निघण्याआधी दोन्ही प्रती माग, मोबाइलवर फोटो काढ, एक झेरॉक्स आईकडे ठेव.

अमिरातीत मालकाने पासपोर्ट दाबून ठेवणंही बेकायदा आहे. रविवारी सगळे कागद घेऊन ये, एकेक ओळ वाचू.