पैज शेंगाचटणीची, गोळा कुणाचा?

प्रश्न : आम्ही निवृत्त मंडळी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठी फिरायला जमतो. दुसऱ्या महायुद्धात 'बेंगाल' या छोट्या हिंदी जहाजानं जपानचं मोठं जहाज बुडवलं, असं मी म्हणालो. मित्र म्हणतो, बुडवलं ते डच टँकरनं. किलोभर शेंगाचटणीची पैज लागली आहे. कोण बरोबर? आणि समोर दोन जहाजं असताना 'बेंगाल' पळालं का नाही?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चटणीचं शेवटी बघू.

मीही सोलापूरचाच. नौदलात भरती होईपर्यंत त्या तलावापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं. पुढं नोकरी तोफेवर झाली, म्हणून ही लढाई मला जवळची.

११ नोव्हेंबर १९४२. 'बेंगाल' हे रॉयल इंडियन नेव्हीचं सुरुंग काढणारं जहाज 'ऑन्दिना' या डच टँकरला सोबत करत ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सिया बेटाला निघालं होतं. जहाज सिडनीत नुकतंच बांधलेलं. त्यावर चार इंची तोफ हवी होती. मिळाली नाही, म्हणून तिच्याहून लहान, बारा पौंडी तोफ बसवून धाडलं. तिचा गोळा साडेपाच किलोच्या आसपास, म्हणजे एका हातात मावेल एवढा! कोकोस बेटांच्या नैर्ऋत्येला 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू' या जपानी नौका समोर आल्या. दोन्ही दहा हजार टनांवरच्या, पाच-सहा इंची तोफांच्या.

पळायचं कुठं? त्या दोघींचा वेग जास्त, टँकर सगळ्यांत मंद. 'बेंगाल'चे प्रमुख लेफ्टनंट कमांडर विल्सन यांनी टँकरला निघून जायला सांगितलं आणि आपलं जहाज सरळ शत्रूच्या अंगावर घातलं. यात हिंमत होती तसा हिशेबही होता. नाक समोर केलं की शत्रूला नेम धरायला जहाजाची रुंदीच तेवढी दिसते, आणि लहान तोफेला जवळ गेल्याशिवाय किंमत नाही. पण जवळ जाईपर्यंतचे गोळे सोसावेच लागतात. तोफेवरच्या माणसाला आडोसा कसला?

टँकरही गेला नाही. कॅप्टन हॉर्समन यांच्याकडे मागच्या बाजूला एक चार इंची तोफ आणि जेमतेम ३२ गोळे होते. तेवढ्यावर ते लढले. थोड्याच वेळात 'होकोकू मारू'वर आग भडकली, स्फोट झाला आणि ती बुडाली.

गोळा कुणाचा, यावर दोन्हीकडून दावे आहेत. दोन जहाजं एकाच निशाण्यावर मारत असली की पाण्यात उडालेला फवारा कुणाच्या गोळ्याचा, हे खुद्द गनरलाही सांगता येत नाही. तरी माझा कौल टँकरला. चार इंची गोळा आपल्या गोळ्याच्या दुपटीहून जड. आपलं जहाज म्हणून मी नेम वाढवून सांगणार नाही.

दारूगोळा संपत आला तशी 'बेंगाल' धुराआडून बाहेर पडली. गोळे लागले होते, पण माणूस एकही दगावला नाही. टँकरचं नशीब तसं नव्हतं. गोळे संपले, हॉर्समन मारले गेले, खलाशी होड्यांत उतरले. 'आइकोकू मारू'नं टँकरवर टॉर्पेडो सोडले आणि होड्यांवर मशीनगन चालवली. ती गेल्यावर उरलेले खलाशी पुन्हा त्याच जहाजावर चढले, आग विझवली आणि भोक पडलेला टँकर फ्रीमँटलला परत नेला.

तेव्हा चटणी मित्राला द्या. मात्र निम्मी तुम्ही खा. 'बेंगाल' पुढं गेली नसती तर दोन्ही जहाजांच्या तोफा पहिल्यापासून टँकरवरच लागल्या असत्या.