'काकू चला' नको म्हणून एकटीच निघालेल्यांसाठी

प्रश्न: ताई, मी ६४ वर्षांची. नोकरी संपली, मुलं आपापल्या संसारात. रोज तासभर चालते, बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. आता मनात घेतलंय की पंधरा-वीस दिवसांची एखादी लांब पायवाट सॅक पाठीवर टाकून एकटीनंच चालायची. ग्रुपबरोबर जाऊन पाहिलं पण सगळे पुढे पळतात, मी मागे धापा टाकतेय आणि जरा थांबलं की कुणीतरी "काकू चला" म्हणणारच. मुलगा म्हणतो या वयात हे काय खूळ घेतलंस. खरं सांगा, खूळ आहे का?

उत्तर: खूळ कसलं डोंबलाचं! अमेरिकेत एमा गेटवुड म्हणून एक आजी होऊन गेल्या, ११ मुलं आणि नातवंडांचा गोतावळा, वय ६७, त्या १९५५ साली घरी "जरा चालायला जाते" एवढंच सांगून निघाल्या आणि जवळजवळ ३,३०० किलोमीटरची अ‍ॅपलेशियन ट्रेल ही डोंगरातली पायवाट १४६ दिवसांत एकटीनं चालून आल्या. एकाच दमात ती पूर्ण ट्रेल एकटीनं चालणाऱ्या त्या पहिल्या बाई. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी आणि तंबूऐवजी बाथरूमचा प्लॅस्टिकचा पडदा. पण लोक एवढंच सांगतात आणि आदलं वर्ष गाळतात. १९५४ मध्ये त्या दुसऱ्या टोकाकडून निघाल्या होत्या, थोड्याच दिवसांत वाट चुकल्या, चष्मा फुटला, वनरक्षकांनी शोधून काढलं आणि घरी जा म्हणून सांगितलं, आणि त्या गुपचूप घरी गेल्या. मला त्यांच्यातली हीच गोष्ट जास्त आवडते, परत फिरता येणं. (पिशवी आणि पडद्याची नक्कल मात्र करू नका, आता चांगलं सामान मिळतं.)

आता तुमचं बघू. रोज तासभर चालता हे उत्तम, पण ते बहुतेक सपाटीवर असणार. चढ दम काढतो तो बसून परत येतो हो, खरी परीक्षा उताराची. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलत असतो, त्याची सवय सपाटीवर होत नाही म्हणून मग दुसऱ्या दिवशी जिन्याची एक पायरी उतरताना आई गं होतं. तेव्हा सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून जिने चढा आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरा. साठीनंतर स्नायू झपाट्यानं कमी होतात त्यामुळे नुसतं चालून भागत नाही, आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम हवेत, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं, पायरीवर चढउतार, टाचा उचलणं. आणि दात घासताना एका पायावर उभं राहा, दुसरा हात भिंतीजवळ ठेवून, कारण घसाऱ्यावर पाय सरकला की तोलच वाचवतो. दम काही आठवड्यांत सुधारतो पण सांध्यांजवळच्या स्नायुबंधांना, म्हणजे स्नायू आणि हाडं बांधून ठेवणाऱ्या दोऱ्यांना, महिने लागतात, आणि हीच फसगत आहे, दम आला म्हणून बाई अंतर दुप्पट करते आणि गुडघा धरून बसते.

सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या वर नको असं साधारण म्हणतात, म्हणजे ५५ किलोच्या बाईला ११ किलो, पाणी आणि खाणं धरून. मी म्हणेन आठच्या आसपास थांबा. आणि पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, आधी तो आवळायचा मग खांद्याचे पट्टे, वजन बहुतेक सगळं कमरेवर यायला हवं. दोन काठ्या घ्या, लाजू नका. कोपर काटकोनात येईल एवढी उंची, उतारावर थोडी वाढवायची.

दिवसाचा हिशोब कसा मांडायचा? विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक साधा आडाखा दिला तो आजही वापरतात. दर ५ किलोमीटरला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. म्हणजे १५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर चार तास. पण हा धडधाकट माणसाचा, न थांबता चालण्याचा हिशोब आहे, तुम्ही त्यात निम्मा वेळ घाला, सहा तास, वर जेवण, विसावा, फोटो. आणि अंधाराच्या दोन तास आधी मुक्कामी पोचेन असंच निघा. माणूस पडतो तो बहुतेक वेळा भल्या मोठ्या कड्यावर नाही, मुक्काम दिसायला लागलेला असतो, पाय जड झालेले असतात, लक्ष चहाकडे लागलेलं असतं आणि एका सुट्या दगडावर पाय पडतो.

बीपीची गोळी नेमकी कुठली आहे हे डॉक्टरांना विचाराच. लघवी वाढवणारी असेल तर उन्हात घाम गाळत चालताना शरीरातलं मीठ-पाणी लवकर कमी होऊ शकतं. वय वाढतं तशी तहानही कमी लागते, त्यामुळे तहान लागेपर्यंत थांबायचं नाही, थोडं थोडं पीत राहायचं. पण नुसतं साधं पाणी ढोसत राहणं पण वाईट, रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो आणि सोबतच्यांना वाटतं पाणी कमी पडलं म्हणून अजून पाणी पाजतात! बरोबर काहीतरी खारट असू द्या. गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करायची नाही.

प्रश्न: आईनं (वय ६७) एकटीनं डोंगरात चालायला सुरुवात केलीय. दिवस दिवस फोन लागत नाही, मी ऑफिसात बसून घाबरी होते. तिला कसं थांबवू?

उत्तर: थांबवू नका. थांबवायला गेलात तर ती जाईलच, फक्त तुम्हाला सांगणार नाही, आणि तेच सगळ्यात वाईट.

त्यापेक्षा निघण्याआधी तिच्याकडून एक कागद लिहून घ्या. कुठून कुठे, कुठल्या वाटेनं, मुक्काम कुठे, सॅक आणि जॅकेट कुठल्या रंगाचं, औषधं कुठली, आणि त्या भागातल्या बचाव पथकाचा नाहीतर पोलिसांचा नंबर. मग दोन वेळा ठरवा, एक फोन करायची आणि दुसरी तुम्ही काळजी करायला सुरुवात करायची. समजा सहाला फोन यायचा आहे तर नऊपर्यंत तुम्ही गप्प बसायचं, नऊला हालचाल करायची, आणि तिनंही ठरलेली वाट बदलायची नाही, बदलली तर आधी कळवायचं. मधल्या वेळात तुम्ही दहा फोन करू नका, तिची बॅटरी तुमच्या काळजीतच संपेल.

फोन लागत नाही म्हणजे बंद पडलाय असं नाही. नकाशा आधी डाउनलोड केलेला असेल तर नेटवर्क नसतानाही जीपीएस चालतं, फोन एअरप्लेन मोडवर ठेवला की बॅटरी पुरते. थंडीत बॅटरी झटकन उतरते म्हणून रात्री फोन झोपायच्या पिशवीत घेऊन झोपायचं. अगदी निर्मनुष्य भागात जाणार असेल तर सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं यंत्र घेऊन द्या, पण काही देशांत ते परवानगीशिवाय बाळगता येत नाही, तेव्हा नियम आधी बघा. आणि एक शिट्टी, सॅकमध्ये नाही, पट्ट्याला. मिनिटात सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं, परत सहा. डोंगरातली ही मदतीची खूण बऱ्याच देशांत ओळखतात.

प्रश्न: विचारायला लाज वाटते. खोकलं, उतारावर जोरात पाय पडला की थेंब थेंब लघवी होते. म्हणून चालताना पाणीच पीत नाही. काय करावं?

उत्तर: लाजू नका, हा प्रश्न पुष्कळजणींचा असतो, फक्त विचारत कुणी नाही. पाणी न पिणं हा उपाय नाहीच, लघवी दाट होऊन जळजळ आणि इन्फेक्शन वाढतं, पाळी गेल्यावर तर तिथली त्वचा कोरडी झाल्यामुळे आधीच धोका जास्त असतो. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या, बऱ्याच बायका उलट्या बाजूनं जोर लावत बसतात. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात. कोरडेपणासाठी लावायची औषधं असतात, स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. तोवर पॅड वापरा आणि वापरलेलं पिशवीत घालून परत आणा. बसायचं ते ओढ्यापासून साठ-सत्तर मीटर लांब. रात्री उठावं लागलं तर आधी मिनिटभर बसून राहा, मग उभं राहा, एकदम उठलं की बीपी उतरून चक्कर येते आणि तंबूच्या दारातच माणूस आडवा. हेडटॉर्च उशाशी.

प्रश्न: एकटीनं चालायला आवडेल पण रात्री एकटीनं राहायची भीती वाटते. कुठून सुरुवात करू?

उत्तर: एकटीनं चालायचं म्हणजे निर्मनुष्य रानातच राहायचं असं कुणी सांगितलं? स्पेनमधली कामिनो ही जुनी यात्रेची पायवाट बघा, फ्रान्सच्या सीमेपासून सांतियागो या तीर्थक्षेत्रापर्यंत साधारण ७८० किलोमीटर, जागोजागी पिवळे बाण आणि दर काही किलोमीटरवर यात्रेकरूंसाठी झोपायची सोय. दिवसभर एकटं, रात्री छपराखाली चार माणसांत. सगळी चालायलाच हवी असंही नाही, शेवटचे १०० किलोमीटर चालून गेलात तरी तिथलं प्रमाणपत्र मिळतं. जपानमधल्या शिकोकू बेटावर ८८ देवळांची साधारण १,२०० किलोमीटरची वाट आहे, तीही अशीच बरीचशी वस्तीतून जाणारी. तंबूची हौस असेल तर पहिली रात्र माणसांच्या हाकेच्या अंतरावर काढा. पानांवरून उंदीर पळाला तरी अंधारात वाघ आल्यासारखा वाजतो, हे एकदा कळलं की झोप लागते.

प्रश्न: बूट कुठले घेऊ?

उत्तर: कंपनी नाही सांगत, पाय सगळ्यांचे वेगळे. दिवसभर चालून पाय सुजतो म्हणून संध्याकाळी घ्यायला जा, जाड मोजे घालून बघा आणि नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठा घ्या. दुकानात उतरती फळी असेल तर तिच्यावरून उतरून बघा, अंगठा पुढे आपटला तर तो बूट परत. मोजे सुती नको, घामानं ओले राहतात आणि फोड येतात, लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या. टाच नुसती चुरचुरली तरी तिथल्या तिथे थांबून टेप लावा, फोड यायची वाट बघू नका. आणि नखं निघायच्या आदल्या रात्री नाही, तीन-चार दिवस आधी कापा.