पहिलं दान आणि उघडी सोंगटी: किती भ्यायचं आणि कुठे?

ताई, तुम्ही लिहिलंय की खानापुरात पावसाळ्यात संध्याकाळी सासऱ्यांबरोबर बॅकगॅमन खेळता आणि त्यांचा नियम एकच: सोंगटी एकटी उघडी ठेवायची नाही. म्हणून ४-१ पडलं की तुम्ही १३/८ (म्हणजे १३ नंबरच्या घरावरची सोंगटी ८ वर) करून मोकळ्या होता. ६-२ ला मात्र "मागची एक तरी सुटू दे" म्हणून २४/१६ पळता. दोन्ही वेळा डाव हातातून जातो, असं का, हा तुमचा प्रश्न.

एक चाल भित्री आणि दुसरी धाडसी दिसते, पण दोन्हींचं मूळ एकच आहे. सोंगटी मार खाईल का, एवढंच बघितलं जातंय. कुठे मार खाईल, खाल्ला तर किती पिप (एक पिप म्हणजे एका घराची चाल) जातील, उलट मारायला आपल्याला किती दानं मिळतील आणि मार नाही बसला तर हातात काय येईल, हे चार हिशेब राहूनच जातात. ल्युडो-सारीपाटावर बसलेला हात असाच चालतो. बॅकगॅमनच्या पहिल्या दोन-तीन दानांत तो हात मोडायलाच पाहिजे.

घरांचे नंबर मी आपल्या बाजूनं देतोय. आपल्या होममधलं (म्हणजे आपल्या शेवटच्या सहा घरांतलं) सगळ्यात आतलं घर १, समोरच्याच्या होममधलं सगळ्यात आतलं २४. सुरुवातीला आपल्या २४ वर २, १३ वर ५, ८ वर ३ आणि ६ वर ५ सोंगट्या, मिळून १६७ पिप. पहिल्या दानाला दोघं एकेक फासा टाकतात आणि मोठा आकडा ज्याचा तो तेच दोन आकडे खेळतो, म्हणून पहिली चाल डबलची नसते. जिंकणाऱ्यानं पुन्हा दोन्ही फासे टाकायचे असा रिवाज तुमच्याकडे असेल तर तो आधी बंद करा, नाहीतर खालचा हिशेब लागू होत नाही. आणखी एक, पाऊसकाळात प्लायवूडचा पट दमट होऊन फुगतो आणि फासा कडेला टेकून कलता उभा राहतो. तसा कलता फासा मोजायचा नाही. एकच नाही, दोन्ही फासे परत टाकायचे.

आता नुकसानीचं गणित. मार खाल्लेली सोंगटी बारवर, म्हणजे पटाच्या मधल्या पट्टीवर, जाते आणि तिथून तिला २५ पिप चालायचे असतात. ५ नंबरच्या घरावर मार बसला तर २० पिप गेले. ९ वर बसला तर १६. पण १८ वर, म्हणजे समोरच्याच्या ७ नंबरच्या घरावर, मार बसला तर फक्त ७ जातात, कारण ती सोंगटी अजून फार चाललेलीच नसते. मागच्या सोंगटीचा मार स्वस्त आणि पुढच्या सोंगटीचा महाग, हे एवढं डोक्यात बसलं की निम्म्या चाली आपोआप सुचतात.

तुमचं ६-२ बघू. २४/१६ केल्यावर समोरचा त्याच्या १३ वरून ४ नं मारतो. कुठलाही ४ (११ दानं), ३-१ (२) आणि २-२ (१), मिळून ३६ पैकी १४ दानं. १-१ नं त्याला येता येत नाही, कारण वाटेतलं घर आपल्या १३ वरच्या सोंगट्यांनी धरलेलं आहे (एका घरावर दोन किंवा जास्त सोंगट्या असल्या की समोरच्याला तिथे उतरता येत नाही). हाच डाव २४/१८, १३/११ असा खेळला तर तो कुठल्याही ६ नं किंवा १ नं मारतो. ती झाली २० दानं, शिवाय ४-२, ३-३ आणि २-२. एकूण २४. म्हणजे मार खाण्याची शक्यता कितीतरी जास्त, आणि तरीही हीच चाल बरोबर. कारण उलट माराचा हिशेब बघा. १६ वर मारणारी त्याची सोंगटी परत मारायला आपल्याला ६-३, ५-४ आणि ४-४ एवढीच दानं, ३६ पैकी ५. १८ वर त्यानं एकट्या सोंगटीनं मारलं आणि बाकीची घरं उघडी असली तर आपली १६ दानं आहेत: ६ बरोबर १ ते ५ पैकी काहीही (१०), ५-२ आणि ४-३ (४), ३-३ आणि २-२. त्याच्या ७ नंबरवर आपण मारलं की त्याचे १८ पिप जातात, आपले गेलेले असतात ७. ६-१, १-१, ३-३, ६-६ अशी दानं पडली तर तो मारून लगेच घर बांधतो (दोन सोंगट्या बसवून ते धरतो) आणि आपलं खरंच वाईट होतं, पण ती रोज पडत नाहीत. त्याला मारता आलं नाही तर आपण तिथे दुसरी सोंगटी नेऊन घर धरतो किंवा निघून जातो, आणि ११ वर आलेली सोंगटी पुढचं घर बांधायला हाताशी राहते. १६ वर सुटलेली सोंगटी नुसती सुटलेली असते, आणि २४ वर तिची जोडीदार एकटी अडकलेली.

मग ६-४ ला पळणं का चालतं, असं विचाराल. २४/१४ केलं की समोरच्याला फक्त २ नं मारता येतं, ११ दानं, आणि १-१ इथेही अडतं. तीन दानांचा फरक छोटा वाटतो, पण वेगळा निकाल लावायला तेवढा पुरतो. ६-४ ला २४/१८, १३/९ आणि ८/२, ६/२ या चालीही जवळजवळ तेवढ्याच चांगल्या आहेत. २ नंबरचं घर फार आत आहे म्हणून पूर्वी जाणकार नाकं मुरडायचे, पण होममध्ये दोन घरं बांधलेली असणं म्हणजे पुढे मारलेली सोंगटी आत यायला त्रास. ६-३ ला २४/१८, १३/१० किंवा २४/१५ (१३ दानं), दोन्ही चालतात.

४-१ कडे येऊ, कारण खरी शिकवण तिथे आहे. १३/८ केल्यावर एकही दान तुम्हाला मारू शकत नाही. पण ८ वर चार, ६ वर पाच, १३ वर चार असा ढीग होतो आणि पुढच्या दानाला नवीन घर बांधायची संधी वाढत नाही. तसंच उभं राहून डबल सोडलं तर ५ नंबरचं घर फक्त ३-१ ला होतं, दोन दानं. ९ वर एक सोंगटी आणून ठेवली की ४-१ आणि ४-३ लाही ते होतं, दोनाची सहा दानं झाली. शिवाय ५-२ आणि ५-४ ला ४ नंबर होतो, २-१ आणि ६-२ ला ७ नंबर. आणि त्या ९ वरच्या सोंगटीला मारायला समोरच्याकडे किती? ६-२, ५-३, ४-४ आणि २-२, म्हणजे ३६ पैकी ६. एवढ्याशा धोक्यात एवढा माल मिळत असेल तर घ्यायलाच पाहिजे. उरलेला १ मागे २४/२३ खेळायचा. मागची जोडी फुटते, पण त्याच्या १-२ नंबरच्या घरांवर मारामारी करणं सुरुवातीला त्यालाच परवडत नाही, कारण त्याच्या सोंगट्या फार आत जाऊन खेळातून बाद होतात. आणि दोन वेगळ्या जागांवरून आपण त्याच्या बाहेरच्या सुट्या सोंगट्यांवर जास्त दानांनी नजर ठेवतो.

जुनी पद्धत वेगळी होती. १ चा आकडा ६/५ असा खेळून ५ नंबरवर एकटी सोंगटी ठेवायची आणि पुढच्या दानाला झाकायची. तिला मारायला १५ दानं (कुठलाही ४, ३-१, २-२, १-१) आणि मार बसला तर २० पिपांचा खड्डा. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरो यांनी टीडी-गॅमन हा स्वतःशीच खेळून शिकणारा प्रोग्रॅम केला. त्यानं २-१, ४-१ आणि ५-१ ला २४/२३ उचलून धरली, आणि मोठ्या खेळाडूंनीही आपली सवय बदलली. आजच्या मोजणीत २-१ ला १३/११, ६/५ आणि २४/२३, १३/११ दोन्ही जवळपास सारख्या आहेत. ४-१ आणि ५-१ ला मात्र मागची सोंगटी हलवणंच सरस: ४-१ ला २४/२३, १३/९ आणि ५-१ ला २४/२३, १३/८.

बाकीची दानं सोपी आहेत. ३-१ ला ८/५, ६/५. हे सगळ्यात चांगलं पहिलं दान, यात विचार करायचा नाही. ४-२ ला ८/४, ६/४. ६-१ ला १३/७, ८/७. ५-३ ला ८/३, ६/३. ६-५ ला २४/१३. ५-४ ला २४/२०, १३/८ किंवा १३/८, १३/९. ४-३ ला २४/२०, १३/१० घ्या, १३/१०, १३/९ सुद्धा तेवढीच चालते. ३-२ ला २४/२१, १३/११. ५-२ ला १३/८ ठरलेलंच, उरलेला २ पुढे १३/११ किंवा मागे २४/२२.

दुसऱ्या दानापासून तक्ता पाठ करून भागत नाही, समोरच्यानं काय केलं ते आधी बघायचं. त्याची सोंगटी आपल्या ४, ५ किंवा ७ नंबरवर एकटी येऊन बसली असेल तर पहिला विचार मारण्याचा. समजा त्यानं त्याच्या बाजूनं मोजून २४/२०, १३/१० केलं, म्हणजे तो आपल्या ५ नंबरवर आला, आणि आपल्याला ४-१ पडलं. १३/९ आणि ६/५ मारून टाका. आपलीही तिथे एकटीच उभी राहते, पण त्याचा अर्धा डाव आत येण्यात जातो आणि ते घर त्याला धरू द्यायचं नाही.

त्यानं त्याची मागची जोडी २४/२३ अशी फोडली असेल तर ५ नंबरवर एकटी सोंगटी ठेवणं बंद. आधी १५ दानं मारत होती, आता २४ मारतात. ९ वरच्या सोंगटीलाही ६ ऐवजी १२. तेव्हा मारता येतंय का, घर होतंय का, ते बघा. नाहीतर आपणही मागून हलवा. उलट त्यानं त्याच्या १३ वरून दोन सोंगट्या खाली आणून बिल्डर (पुढचं घर बांधायला हाताशी ठेवलेल्या सोंगट्या) लावले असतील तर मागची जोडी फोडून त्याच्या ४-५ नंबरवर एकटं जाऊन बसू नका, तो त्यासाठीच टपलेला असतो. आणि त्यानं त्याचा ५ नंबर बांधला असेल तर बारवरून आत न येण्याची दानं ३६ पैकी १ ची ४ होतात, म्हणून तिथून पुढे प्रत्येक मार थोडा महाग धरायचा.

डबल पडलं आणि मध्ये काही आडवं नसेल तर १-१ ला ८/७ दोन, ६/५ दोन. २-२ ला १३/११ दोन, ६/४ दोन. ३-३ ला ८/५ दोन, ६/३ दोन. ४-४ ला २४/२० दोन, १३/९ दोन. ५-५ ला १३/३ दोन. ६-६ ला २४/१८ दोन, १३/७ दोन.

तुम्ही घरी गॅमनचे (समोरच्याची एकही सोंगटी पटाबाहेर निघायच्या आत जिंकण्याचे) दोन गुण मोजत नसाल, नुसतं हरलं-जिंकलं बघत असाल, तर मागच्या सोंगट्या हलवायची भीती आणखी कमी धरा, कारण मोठी हार अशी काही उरतच नाही. याउलट मॅच खेळताना आपल्याला दोनच गुण हवेत, समोरच्याला एक, अशा वेळी गॅमन आपल्याला सोन्यासारखं असतं. तिथे २-१, ४-१, ५-१ ला ६/५ करून ५ नंबरवर एकटी सोंगटी ठेवणं आणि ६-४ ला ८/२, ६/२ बांधणं योग्य ठरतं.

सासऱ्यांना पटवायचं असेल तर वाद घालत बसू नका. जीएनयू बॅकगॅमन हा कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. त्यात सुरुवातीची मांडणी लावा, ४-१ टाका आणि १३/८ ची इक्विटी (त्या चालीनंतर सरासरी किती गुण मिळतील तो आकडा) २४/२३, १३/९ शेजारी ठेवून दाखवा. दोन चालींत ०.०२ पेक्षा कमी फरक दिसला तर मनाला येईल ती खेळा. त्याहून जास्त दिसला तर कमी इक्विटीच्या चालीनंतर समोरच्याची कुठली दानं चांगली होतात, ती पटावर एकेक मांडून बघा.