युरोप सहलीची तिकिटं, पासपोर्ट, नाणी: लॅमिनेशनच्या आधी हे वाचा

सहलीच्या पुसट होणाऱ्या आठवणी जपायला त्या लॅमिनेट करून अल्बममध्ये लावाव्यात का, असं तुम्ही विचारलंय. पहिलं उत्तर: लॅमिनेट करू नका. आई-बाबांच्या 2014 च्या सहलीतली तिकिटं आणि पावत्या पुसट होताहेत म्हणता, म्हणजे त्यातली बरीचशी थर्मल कागदाची असणार. या कागदावर शाई नसतेच. त्याच्या लेपात बिनरंगी द्रव्य आणि त्याला रंग आणणारं रसायन असतं. यंत्राची उष्णता लागली की दोन्ही एकत्र येतात आणि अक्षर काळं उमटतं. लॅमिनेटरचे रूळ शंभर अंशांच्या वर तापतात, त्यामुळे अख्खं तिकीट काळं पडतं. उलट तेलकट हात, सॅनिटायझर, ऊन, सेलोटेपचा डिंक आणि पीव्हीसी प्लास्टिकला मऊ ठेवणारी द्रव्यं ही जोडी फोडतात आणि अक्षर उडतं. नवं असताना उग्र वास मारणारे अल्बमचे कप्पे बहुधा पीव्हीसीचेच असतात. पुसट होण्याचं कारण कदाचित तिथेच सापडेल.

कागद थर्मल आहे का हे पाहायला एखाद्या बिनमहत्त्वाच्या पावतीच्या कोपऱ्यावर नखाने झर्रकन रेघ ओढा. काळी रेघ उमटली तर थर्मल. तसे कागद आजच वेगळे काढा आणि सगळ्यात आधी त्यांचं स्कॅनिंग करा: रंगीत, 600 डीपीआय (स्कॅनची बारकाई), दोन्ही बाजू, फाइल पीएनजी किंवा टिफ प्रकारची. कृष्णधवल स्कॅन करू नका. उडालेल्या अक्षराची फिकट छटा रंगीत स्कॅनमध्येच टिकते. मग गिंपसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा चॅनल (चित्रातला त्या त्या रंगाचा थर) वेगवेगळा उघडून पाहा. अनेकदा निळ्यात मजकूर उठून दिसतो, ‘लेव्हल्स’ (गडद-फिकट कमीजास्त करायची सोय) ओढले की वाचताही येतो. हेअर ड्रायरने तिकीट गरम करण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. त्याने अक्षरांमागचा कागदच काळा होतो आणि ते परत फिरवता येत नाही, म्हणून मूळ कागदावर तो करू नका.

स्कॅन झालं की प्रत्येक कागद पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरच्या पाकिटात, अंधारात. चिकटवायचंच असेल तर ॲसिड-फ्री (आम्ल नसलेले) फोटो कॉर्नर, म्हणजे कागदाचे कोपरे धरणारे छोटे खिसे, वापरा, डिंक कधीच नाही. चिकट पानांवर प्लास्टिक दाबून बसवायचे जुने अल्बम पोस्टकार्डांनाही घातक. त्यातून कार्ड सोडवताना मागच्या मजकुराचा थर निघून येतो. आठवण लिहायची ती पोस्टकार्डाच्या मागे 2बी शिसपेन्सिलीने. पॅरिस मेट्रोची कागदी तिकिटं असतील तर विशेष जपा, दहा कागदी तिकिटांचा तिथला संच आता विकत मिळत नाही.

सहलीच्या तारखा जुळत नाहीत असंही तुम्ही लिहिलंय. त्यासाठी जुना पासपोर्ट काढा. शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश) शिक्क्यात वर डावीकडे ताऱ्यांच्या वर्तुळात देशाचं अक्षर असतं, वर उजवीकडे विमान, आगगाडी, मोटार किंवा जहाज, मधे तारीख, खाली सीमेवरच्या ठाण्याचं नाव. चौकट टोकदार कोपऱ्यांची असेल तर प्रवेश, गोलाकार कोपऱ्यांची असेल तर निर्गमन. एवढ्यावर सहलीची दोन्ही टोकं पक्की होतात. हे शिक्के आता इतिहासजमा होत आहेत: 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेन सीमांवर टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे आणि फोटोची संगणकीय नोंद सुरू झाली, ती शिक्क्याची जागा घेते. म्हणून रद्द झालेला पासपोर्ट टाकू नका, अल्बमसाठी त्याची पानंही फाडू नका. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता असते आणि पुढच्या व्हिसा अर्जात जुने व्हिसे दाखवायलाही तो लागतो. शिक्क्यांचं स्कॅन छापून लावा.

फोटोंच्या वेळा चुकतात त्या कॅमेऱ्याचं घड्याळ भारतीय वेळेवरच राहिल्यामुळे. मे महिन्यात पॅरिस, रोम, झुरिच आपल्या साडेतीन तास मागे असतात, हिवाळ्यात साडेचार. तेवढी वेळ सगळ्या फोटोंतून एकदम वजा करा, मग तिकिटावरची वेळ आणि फोटो बरोबर जुळतील.

साठवण मुंबई-कोकणात असेल तर खरा शत्रू पावसाळा. आर्द्रता 65 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. घट्ट झाकणाचा डबा फेब्रुवारीच्या कोरड्या हवेत भरा, जुलैत भरलात तर ओलच आत कोंडाल. पाच लिटरच्या डब्याला साधारण 100 ग्रॅम नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) घाला. रंग बदलला की ओव्हनमध्ये 110 अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडून चिकटतं.

नाण्यांत 1, 2 आणि 5 सेंट आधी बघा. ती तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी नाणी आहेत, कडेला ओरखडा गेला की दमट हवेत गंज तिथूनच सुरू होतो. 10, 20, 50 सेंट तांब्याच्या मिश्रधातूचे असतात, ते गंजत नाहीत, फक्त काळवंडतात. पितांबरी लावून चमकवू नका, पृष्ठभागच घासला जातो. परदेशी नाणी जवळ ठेवायला भारतात मर्यादा नाही. नोटांना आहे, 2,000 डॉलरच्या मूल्यापर्यंत.

आणि डब्यात 2014 च्या पौंडाच्या किंवा स्विस फ्रँकच्या नोटा उरल्या असतील तर त्या आता दुकानात चालत नाहीत, पण त्यांचं मोल बुडालेलं नाही. त्या वेळच्या कागदी पौंडाच्या नोटा बँक ऑफ इंग्लंड आणि तेव्हा चालणाऱ्या आठव्या मालिकेच्या फ्रँकच्या नोटा स्विस नॅशनल बँक मुदतीशिवाय बदलून देते. तेव्हा मोठ्या रकमेच्या नोटा अल्बममध्ये कायमच्या बसवू नका, सुट्या पाकिटात ठेवा आणि तिकडे कोणी जाणारं असेल तर त्यांच्याकडे द्या.