तिघांचे करार एकाच वर्षी संपतात, काय करू?

प्रश्न : काका, नमस्कार. मी एडिसनला (न्यू जर्सी) कॉलेजात आहे. मॅडन या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये, फ्रँचाइज मोडला (संघाचा कारभार आपणच बघायचा), सिएटलचा संघ चालवतो. एकाच ड्राफ्टमध्ये (नवख्या खेळाडूंची वार्षिक निवड) क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), लेफ्ट टॅकल (त्याला सांभाळणारा) आणि कॉर्नरबॅक (समोरच्या झेल घेणाऱ्याला रोखणारा) असे तीन हिरे हाती लागले. तिसरा सीझन संपत आलाय, पुढच्या वर्षी तिघांचे रुकी (नवख्यांचे, स्वस्तातले) करार एकदम संपतील. बाजारभावाने पैसे दिले तर तिघे कॅपमध्ये (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) मावत नाहीत. बोनस भरपूर ठेवून पगार कमी केला तर बसतील का? मित्र म्हणतो, सेटिंगमध्ये जाऊन कॅपच बंद कर.

उत्तर : कॅप बंद करायची तर मला पत्र कशाला लिहिलंस? मग हवे ते सगळे घे आणि बस खेळत.

तिघांना ठेवायचा नाद सोड. क्वार्टरबॅक ठेव, टॅकल जमला तर ठेव, आणि कॉर्नरबॅकला याच ऑफसीझनला, करारातलं एक वर्ष शिल्लक असतानाच, दुसऱ्या संघाला ट्रेड कर.

सिएटल घेतलंयस, तर त्यांचाच हिशोब बघ. 2012 मध्ये त्यांनी क्वार्टरबॅक रसेल विल्सनला ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत, 75 व्या क्रमांकावर उचललं. 2013 ला संघाची कॅप 12.3 कोटी डॉलर, त्यात विल्सनचा वाटा सात लाखांच्याही आत. कॉर्नरबॅक रिचर्ड शर्मन तेव्हा पाचव्या फेरीच्या पगारावर खेळत होता. वाचलेल्या पैशात त्यांनी मायकल बेनेट आणि क्लिफ एव्हरिल हे दोन पास रशर (समोरच्या क्वार्टरबॅकवर चालून जाणारे) आणले आणि फेब्रुवारी 2014 मध्ये सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. त्याच वर्षी शर्मनचा मोठा करार झाला, 2015 मध्ये विल्सनचा : चार वर्षांचे 8.76 कोटी. त्यानंतर विल्सन सिएटलकडून सुपर बोल खेळला नाही. कारणं बरीच होती, पण बेनेट-एव्हरिलसारखी खरेदी करायला पैसा मोकळा राहिला नाही हे त्यातलं मोठं.

ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूचा करार तीन सीझन होईपर्यंत बदलता येत नाही, हा खऱ्या लीगचा नियम. म्हणजे ती तीन वर्षं संघाची खरी कमाई. तुझ्या तीन वर्षांत कॅपमध्ये जागा होती, तिचं तू काय केलंस ते पत्रात कुठे दिसत नाही. उरलेल्या वर्षात तरी एखादा तयार पास रशर आण.

आता बोनस. सायनिंग बोनस (करारावर सही करताना द्यायची रक्कम) कॅपवर जास्तीत जास्त पाच वर्षांत वाटून धरतात. पाच वर्षांच्या करारात 3 कोटी दिलेस तर दरवर्षी 60 लाख दिसतात, आणि तुला वाटतं जमलं. दोन वर्षांनी खेळाडूचा गुडघा गेला आणि त्याला सोडलंस, की उरलेले 1 कोटी 80 लाख तुझ्या कॅपवर येतात. हप्त्यावर घेतलेला मोबाइल फुटला म्हणून हप्ते थांबत नाहीत, तसंच. मॅडनमध्येही सोडलेल्या खेळाडूचा बोनस दंड होऊन मागे लागतो. डेन्व्हरने 2024 मध्ये याच विल्सनला घरी पाठवलं, तेव्हा साडेआठ कोटी डॉलरचं डेड मनी (सोडलेल्या खेळाडूचा असा उरलेला बोजा) दोन वर्षांच्या कॅपवर चढलं. म्हणून मोठा बोनस त्यालाच दे, ज्याला सोडायचा विचारही तुझ्या मनात येणार नाही. तुझ्या संघात असा एकच आहे.

कॉर्नरबॅकच का? त्याचा भाव त्याच्या वेगात असतो, आणि वेग वयाबरोबर उतरतो. आज तो तरुण आहे, समोरचा संघ पहिल्या फेरीचा पिक (ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायची पाळी) देईल. तो पिक या वर्षीचा न मागता पुढच्या वर्षीचा माग, म्हणजे नवे रुकी करार वेगवेगळ्या वर्षी संपतील आणि हे पत्र तुला पुन्हा लिहावं लागणार नाही. पहिल्या फेरीवाल्याचा करार एक वर्ष वाढवायची सोय खऱ्या लीगमध्ये आहे. तुझ्या आवृत्तीत असेल आणि टॅकल पहिल्या फेरीतला असेल, तर त्याच्यासाठी वापर.

प्रश्न : काका, माझ्याकडे ड्राफ्टमधला दुसरा पिक आहे. सगळ्यात जास्त रेटिंग एका रनिंग बॅकचं (चेंडू घेऊन धावणारा) आहे. घेऊ का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नको. 2010 मध्ये ड्राफ्टमधल्या पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे 7.8 कोटी डॉलर मिळाले होते. 2011 च्या नव्या करारपद्धतीनंतर कॅम न्यूटनला पहिल्याच क्रमांकावर चार वर्षांचे 2.2 कोटी. तेव्हापासून रुकीचा पगार पिकच्या क्रमांकावर ठरतो, तो कुठे खेळतो यावर नाही. दुसऱ्या पिकवर क्वार्टरबॅक घे की रनिंग बॅक, खर्च तोच. बाजारात मात्र क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉटला 2024 मध्ये वर्षाला 6 कोटींचा करार मिळाला, आणि अव्वल रनिंग बॅक 2 कोटींच्या आसपास मिळतो. मग जिथे 6 कोटी वाचतात तिथे पिक घालवायचा, की जिथे 2 वाचतात तिथे?

न्यूयॉर्क जायंट्सने 2018 मध्ये रनिंग बॅक सेक्वॉन बार्कलीला दुसऱ्याच पिकवर घेतलं. 2024 ला तो फ्री एजंट (करार संपून मोकळा) झाला, फिलाडेल्फियाने तीन वर्षांच्या 3.775 कोटींत त्याला नेला, त्या सीझनला तो 2005 यार्ड धावला आणि संघ सुपर बोल जिंकला. जायंट्सने वापरली त्याची उमेदवारीची वर्षं, मजा केली दुसऱ्यांनी. ड्राफ्टमध्ये क्वार्टरबॅक किंवा टॅकल चांगला नसेल तर पिक विकून खाली सरक आणि दोन पिक घे. रनिंग बॅक तिसऱ्या फेरीतही सापडतो.