वाचकांचे प्रश्न : बॅकटिक काढताना

प्रश्न : जुन्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे टर्मिनलच्या कमांड लिहिलेल्या फाइलमध्ये, सगळीकडे `…` अशा बॅकटिकमध्ये कमांड लिहिलेल्या आहेत; शेल त्यांच्या जागी त्या कमांडचे आउटपुट बसवतो. स्क्रिप्टमधल्या चुका दाखवणारा शेलचेक जागोजागी २००६ क्रमांकाची सूचना देतो : बॅकटिकऐवजी $(…) वापरा. एडिटरमध्ये शोधा-बदला करून सरसकट $(…) घातले तर चालेल का?

उत्तर : सरसकट नको. उघडणारा आणि मिटणारा बॅकटिक दिसायला एकच, त्यामुळे जोडी कुठे चुकली हे एडिटरला कळत नाही. शिवाय एकेरी अवतरणातले बॅकटिक, म्हणजे मायएसक्यूएल या डेटाबेसच्या टेबलांची नावे वगैरे, शेलच्या लेखी नुसती अक्षरे. त्यांना हात लावला की क्वेरी मोडली.

खरी मेख बॅकस्लॅशची आहे. बॅकटिकच्या आत $, ` किंवा \ यांच्या आधीचा बॅकस्लॅश शेल स्वतःच खाऊन टाकतो, अगदी एकेरी अवतरणातलासुद्धा. $(…) मध्ये मजकूर जसाच्या तसा पुढे जातो. जुन्या ओळीत, मजकूर शोधून बदलणाऱ्या सेड कमांडला '\\.' दिले असेल, तर त्याच्यापर्यंत \. पोचत होते, म्हणजे साधा टिंब. फक्त बाहेरचे चिन्ह बदलले तर सेडला \\. मिळते, म्हणजे बॅकस्लॅश आणि त्यापुढचे कोणतेही अक्षर. बदलायचे टिंब तसेच राहतात आणि चुकीचा संदेशही येत नाही. रकाने वाचणाऱ्या ऑक कमांडला '\$1' गेले तर तो निदान ओरडून थांबतो. सेडची गप्प चूक जास्त महागात पडते.

म्हणून प्रत्येक जागी आतला एक थर बॅकस्लॅश काढा. एकात एक कमांड असेल तर आतून बाहेर या (पीडब्ल्यूडी चालू फोल्डरचा पूर्ण पत्ता देते, बेसनेम त्यातले शेवटचे नाव) :

`बेसनेम \`पीडब्ल्यूडी\`` → "$(बेसनेम "$(पीडब्ल्यूडी)")"

नव्या रूपात आतली दुहेरी अवतरणे स्वतंत्र असतात, बाहेरच्यांशी भांडत नाहीत. बदल एका वेळी एकाच फाइलमध्ये करा. बॅश या शेलचा -एन पर्याय फक्त व्याकरण तपासतो, तेव्हा जुन्या आणि नव्या स्क्रिप्टचे आउटपुट डिफ या फरक दाखवणाऱ्या कमांडने ताडून पाहाच.

प्रश्न : मेकफाइलमध्ये, म्हणजे मेक या प्रोग्राम बांधणाऱ्या साधनाच्या फाइलमध्ये, तारखेसाठी $(डेट) लिहिले तर काहीच मिळत नाही.

उत्तर : मेक त्याला स्वतःचे व्हेरिएबल समजतो. रेसिपीत, म्हणजे शेलकडे जाणाऱ्या ओळींत, $$(डेट) लिहा.

प्रश्न : नवे रूप न चालणारे शेल अजून आहेत?

उत्तर : सी-शेल आणि टीसी-शेल, तिथे बॅकटिकच राहू द्या. सोलारिस १० या युनिक्स प्रणालीचे /बिन/एसएच हेही जुने बॉर्न शेल आहे. बॅश, डॅश, केएसएच, झेडएसएच, बिझीबॉक्स या सगळ्यांत चालते. फक्त आत सबशेलचा, म्हणजे वेगळ्या शेलमध्ये चालवायच्या कमांडांचा, कंस लगेच येत असेल तर मध्ये जागा सोडा, $( (…) ) अशी; $(( दिसले की शेल ते गणित समजू शकतो.